बंद दारापुढचा गृहस्थ

गेल्या नाताळच्या सुटीत आमचा पुतण्या आठवडाभर आमच्याकडे राहावयास आला होता. त्याने 'व्हेकेशन' या अमेरिकन विनोदी चित्रपटमालिकेचा विषय काढला. ग्रिसवॉल्ड नावाच्या एकाच कुटुंबाच्या सुट्यांवर बेतलेले हे पाच चित्रपट. पुतण्याचे म्हणणे असे की, तिसरा चित्रपट नाताळवरचा आहे, तोच सर्वांत गाजलेला, तेवढा पाहिला म्हणजे पुरे. कथा एकमेकींत गुंतलेल्या नाहीत, तेव्हा क्रमाचा आग्रह कशाला? आम्ही पडलो वकील. पहिल्या कागदापासून दप्तर वाचल्यावाचून मत द्यावयाचे नाही, ही आमची जुनी खोड. म्हणून पाच रात्री पाच चित्रपट आम्ही प्रदर्शनाच्या क्रमानेच पाहिले. सुटा पाहिला तर यांतला प्रत्येक चित्रपट फजितीची एक गंमत आहे. क्रमाने पाहिले की त्या गमतींतून एका गृहस्थाचे चरित्र उभे राहते, आणि ते वाटते तितके हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. मालिकेचे मूळ जॉन ह्यूजेस या लेखकाने 'नॅशनल लॅम्पून' या विनोदी मासिकात १९७९ साली लिहिलेल्या एका कथेत आहे. १९५८ सालची सहल मुलगा सांगतो आहे, असा त्या कथेचा घाट. ह्यूजेसनेच तिची पटकथा केली आणि हॅरल्ड रेमिस याच्या दिग्दर्शनाखाली १९८३ साली पहिला चित्रपट निघाला. पुढे १९८५ साली युरोपची सहल, १९८९ साली घरचा नाताळ, १९९७ साली लास व्हेगस आणि २०१५ साली पुढच्या पिढीची सहल, असा हा क्रम आहे. क्लार्क ग्रिसवॉल्ड हा कुटुंबप्रमुख चेव्ही चेसने आणि त्याची पत्नी एलन हिला बेव्हर्ली डी'अँजेलो हिने पाचही चित्रपटांत रंगविले आहे. एडी नावाच्या नातलगावर २००३ साली दूरदर्शनसाठी काढलेला एक चित्रपट आहे. त्यात क्लार्क नसल्याने तो आम्ही या हिशोबात धरला नाही.

पहिल्या चित्रपटात क्लार्क बायको, मुलगा रस्टी आणि मुलगी ऑड्री यांना मोटारीत घालून शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या 'वॉली वर्ल्ड' या क्रीडोद्यानाकडे निघतो. विमानाने जाता आले असते. परंतु वाटेतला प्रवास कुटुंबाला जवळ आणील, ही त्याची श्रद्धा. प्रत्यक्षात वाट चुकते, पैसे संपतात, मोटार मोडते, आणि बरोबर घेतलेली म्हातारी मावशी वाटेतच मरण पावते. तिचे प्रेत मोटारीच्या टपावर बांधून तिच्या मुलाच्या दारी ठेवून पुढे जाण्यापर्यंत या गृहस्थाची मजल जाते. शेवटी मंडळी वॉली वर्ल्डच्या दाराशी पोहोचतात, तो उद्यान दुरुस्तीसाठी दोन आठवडे बंद! तेव्हा क्लार्क छर्‍यांची बंदूक दाखवून पहारेकर्‍याकडून कुटुंबाला पाळण्यांत बसवून घेतो.

या शेवटामागची हकीकत टीकाकाराने ध्यानात घ्यावी अशी आहे. आरंभी शेवट निराळा होता: क्लार्क उद्यानाच्या मालकाच्या घरी बंदूक घेऊन जातो, असा. चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही. इतका प्रवास केलेल्या माणसांना पाळण्यात बसावयास मिळाले पाहिजे, अशीच त्यांची इच्छा दिसली, आणि नवा शेवट चित्रित करावा लागला. म्हणजे क्लार्कची समजूत एकट्या क्लार्कची नाही, ती प्रेक्षकांचीही आहे. कष्ट केले, पैसे मोजले, आता आनंद हा आमचा हक्क झाला, दार उघडा! आनंदाला कराराची वस्तू समजणे हेच या मालिकेतल्या सार्‍या विनोदाचे मूळ आहे, असे आमचे मत आहे.

हे दृश्य चालू असता आमची कन्या आमच्याकडे पाहून हसू लागली. "बाबा, हे तुम्हीच," ती म्हणाली. काही वर्षांमागे आम्ही सहकुटुंब कुलदेवतेच्या दर्शनास निघालो होतो. वेळापत्रक आम्हीच केले होते, आणि ते नेहमीप्रमाणे आमच्याच आवराआवरीत बिघडले. पोहोचलो तो दुपारची पूजा आटोपून दार लागलेले. आम्ही पुजार्‍याशी हुज्जत घातली. किती लांबून आलो, किती खर्च झाला, हे मोठ्याने सांगितले. आमच्या मातोश्री मात्र पाय धुऊन मंडपात टेकल्या आणि आमच्या घरच्या बोलीत एवढेच म्हणाल्या, "देव खंय वचना. बस मातशें." दार उघडल्यावर सर्वांचे दर्शन झाले. कन्या तेव्हा दहा वर्षांची होती. आज तिला त्या दिवसाचे काय आठवते, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुमचा आवाज."

मूळ कथा मुलाच्या तोंडी का आहे, हे आम्हांस त्या रात्री उमगले.

दुसरा चित्रपट एमी हेकरलिंग हिने दिग्दर्शित केला. कुटुंब बक्षिसाच्या खेळात युरोपची सहल जिंकते. कलाकृती म्हणून हा पहिल्याहून फिका आहे. विनोद जागेजागी चिकटविल्यासारखे वाटतात. तरी एक प्रसंग उल्लेखनीय आहे. जर्मनीत मंडळी आपले नातलग समजून एका भलत्याच वृद्ध दांपत्याच्या घरी उतरतात. त्या बिचार्‍यांना पाहुण्यांची भाषा कळत नाही, ओळख पटत नाही. तरीही ती त्यांना जेवू घालतात, निजावयास जागा देतात. सार्‍या प्रवासात न मागता, पैसे न मोजता मिळालेले खरे आतिथ्य ते एवढेच, आणि ते मिळाले याचा ग्रिसवॉल्डांना पत्ताही लागत नाही.

तिसरा, नाताळवरचा चित्रपट पुन्हा ह्यूजेसच्या लेखणीतून उतरला आहे आणि पाचांत तोच उत्तम, हे पुतण्याचे मत आम्ही मान्य करतो. येथे प्रवास नाही. सारे नातलगच क्लार्कच्या घरी येतात. घरावर पंचवीस हजार दिवे लावण्याचा त्याचा आटापिटा सर्वांना आठवतो. आम्हांस मात्र माळ्यावरचे दृश्य अधिक मोलाचे वाटले. क्लार्क चुकून माळ्यावर अडकतो, थंडीपासून बचाव म्हणून जुन्या पेटीतले बायकी कपडे अंगावर चढवितो आणि तेथे सापडलेल्या आपल्या बालपणीच्या नाताळच्या फिती पाहत रडू लागतो. आपण मुलांसाठी सण करतो असे तो म्हणतो. वस्तुतः आपले हरवलेले बालपण तो त्यांच्याकडून परत मागतो आहे. दिग्दर्शक जेरेमाया चेचिक हे दृश्य लांबवीत नाही. एलन खालून माळ्याची झडप उघडते आणि क्लार्क धाडकन खाली येतो. प्रेक्षक हसतात, पण पाहिलेले पाहिलेलेच राहते.

याच चित्रपटात बोनसचे प्रकरण आहे. दरवर्षी मिळणार्‍या बोनसच्या भरवशावर क्लार्कने अंगणातल्या पोहण्याच्या तलावासाठी साडेसात हजार डॉलर आगाऊ भरले आहेत. आणि लिफाफ्यातून निघते काय, तर दरमहा मुरंब्याची बाटली पाठविणार्‍या मंडळाचे वर्षाचे सभासदत्व. येथे आमच्यातला वकील जागा झाला. मुंबईच्या गिरणीमालकांनी काही वर्षे दिलेला बोनस बंद केला, तेव्हा १९२४ साली मोठा संप झाला. मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने निर्णय दिला की, रूढी, कायदा वा न्यायबुद्धी यांपैकी कोणत्याही आधारावर कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही. बोनस देणे कायद्याने बंधनकारक व्हावयास आपल्याकडे १९६५ साल उजाडले. क्लार्कचे गार्‍हाणे त्या गिरणी कामगारांच्या गार्‍हाण्याच्या जातीचे आहे, आणि या एकाच ठिकाणी त्याचा हक्काचा आग्रह आम्हांस रास्त वाटतो. मेहनतीचा मोबदला मागता येतो, प्रसंगी भांडूनही घेता येतो. घरच्या माणसांचे हसू मात्र तसे वसूल करता येत नाही. क्लार्क दोहोंची गल्लत करतो, आणि आम्ही, वाचकहो, त्याच्याहून फारसे शहाणे नाही.

चौथा, लास व्हेगसचा चित्रपट सामान्य आहे. तेथे क्लार्क कुटुंबाची पुंजी जुगारात घालवितो. आनंद विकत घेण्याची बुद्धी शेवटी कोठे नेते हे दिसते, एवढेच. परंतु क्रमाने पाहणार्‍यास येथे एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. पहिल्या चारही चित्रपटांत आईबाप तेच, मुलांची पात्रे करणारे नट मात्र दर वेळी निराळे! पहिल्यात रस्टी थोरला भासतो, तिसर्‍यात ऑड्री थोरली दिसते. निर्मात्यांच्या सोयीअसोयीतून हे घडले असेल. परंतु क्रमाने पाहताना त्याला अर्थ येतो. मुलांचे चेहरे बदलत जातात आणि बाप आपल्या बेतांत इतका गढलेला की त्याला ते उमगत नाही. चौथ्या चित्रपटात मुले आता ओळखूच येत नाहीत, अशी थट्टा क्लार्कच्याच तोंडी घातली आहे. एकच चित्रपट पाहणार्‍यास ती थट्टा कळणारही नाही.

पाचव्यात रस्टी स्वतः बाप झाला आहे आणि तोही आपल्या बायकोमुलांना घेऊन त्याच वॉली वर्ल्डकडे निघतो. बापाच्या हट्टाचा सर्वाधिक त्रास ज्याने सोसला, तोच तो हट्ट वारसा म्हणून पुढे चालवितो. कल्पना मोठी आहे. चित्रपट तिला पेलत नाही. किळसवाण्या प्रसंगांचा त्यात सुकाळ आहे.

दोष सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिल्या चित्रपटातले सेंट लुईसमधल्या कृष्णवर्णीयांचे चित्रण हीन अभिरुचीचे आहे आणि मृत्यूची थट्टा काही ठिकाणी निर्दय होते. पहिला आणि पाचवा हे दोन्ही अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांवाचून पाहू नयेत, अशा वर्गात घातलेले आहेत. 'कौटुंबिक विनोद' या नावावर विसंबून लहानांना घेऊन बसू नये. ज्यांना एकच पाहावयाचा असेल त्यांनी तिसरा पाहावा. पण घरातल्या कर्त्या पुरुषाने, मुले मोठी झाली असल्यास त्यांच्यासह, पहिला, तिसरा आणि पाचवा या क्रमाने पाहावेत, अशी आमची शिफारस आहे.

येत्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा कुलदेवतेस जाणार आहोत. निघावयाची वेळ या खेपेस कन्येने ठरवावयाची, असे घरात ठरले आहे. ती उशिराची असणार, हे आम्हांस ठाऊक आहे. दार लागलेले असल्यास मंडपात बसावयाचे, आणि आवाज चढवावयाचा नाही, असे आम्ही कबूल केले आहे. हा करार मोडल्यास दाद कोठे मागावी, असे तिने विचारले. आजीकडे, असे आम्ही उत्तर दिले.