महाविद्यालयीन वार्षिकांक आणि नवा लेखक

उन्हाळी परीक्षा जवळ आल्या कीं महाविद्यालयांचे वार्षिकांक बाहेर पडूं लागतात. बाभुळगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं पुष्कळ विद्यार्थ्यांचें नांव प्रथम छापून येतें तें याच अंकांत. म्हणून त्याची थट्टा करणें आम्हांस रुचत नाहीं. परंतु हा अंक नवा लेखक घडवितो काय, हा प्रश्न विचारल्यावांचून राहवतही नाहीं.

असे अंक आम्ही वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. आरंभीं संस्थाचालकांचीं छायाचित्रें, मग विभागांचे अहवाल, आणि उरलेल्या पानांत आई, पाऊस व मैत्री यांवरील कविता. भाषा बहुधा पाठ्यपुस्तकांतून उसनी आणलेली. घरीं वऱ्हाडी, गोरमाटी किंवा कोलामी बोलणारा मुलगा लेखणी हातीं घेतांच आपली बोली दाराबाहेर ठेवतो. २०१७ सालीं कपाशीवरील फवारणीनें विषबाधा होऊन आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखीं पडले. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला बाप ज्यांनीं रोज पाहिला, तींच मुलें अंकासाठीं निसर्गाच्या रम्यतेवर निबंध लिहितात! दोष त्यांचा नव्हे. 'पाहिलेंस तें लिही' असें सांगणारा संपादक त्यांस भेटलेला नसतो. मजकूर येतो, छापला जातो आणि विषय तेथेंच संपतो.

याहून निराळें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तें पुढें 'मिलिंद' या नांवानें प्रसिद्ध झालें. तेथील मराठीचे अध्यापक, मूळचे नागपूरचे गंगाधर पानतावणे यांनीं १९६७ सालीं 'अस्मिता' हें नियतकालिक सुरू केलें. तेंच पुढें 'अस्मितादर्श' झालें. हें विद्यार्थ्यांचें मुखपत्र नव्हे. तरीपण ज्यांच्या घराण्यांत लेखणी प्रथमच आली होती, अशा तरुणांना त्यानें पानें दिलीं. तें त्रैमासिक असल्यामुळें एकदां लिहिणाऱ्यास पुन्हा लिहावेंसें वाटे. कवितेशेजारीं समीक्षा येई, आणि मेळाव्यांतून लेखकाची वाचकाशीं गांठ पडे. पानतावणे २०१८ सालीं निवर्तले. म्हणजे सुमारें अर्धशतक हें काम त्यांनीं वाहिलें.

त्यामागें एका चळवळीचें बळ होतें, तें प्रत्येक महाविद्यालयास कोठून मिळावें, असें कोणी म्हणतील. आक्षेप खरा आहे. परंतु नियमितपणा, वाचन आणि परखड अभिप्राय यांस चळवळ लागत नाहीं. विद्यार्थ्यांच्या हातीं संपादन सोंपविल्यास अनर्थ होईल, ही भीतीही व्यर्थ आहे. अमेरिकेंतील 'हार्वर्ड ॲडव्होकेट' हें १८६६ पासूनचें विद्यार्थ्यांचें पत्र, टी. एस्. एलियटच्या आरंभींच्या कविता त्यांतच छापल्या गेल्या.

आमची सूचना साधी आहे. गुळगुळीत कागदाचा एक जाडजूड अंक काढण्याऐवजीं त्याच खर्चांत तीन पातळ अंक काढावे. छायाचित्रें व अहवाल वगळावे. दोन विद्यार्थी संपादक नेमावे, आणि प्रत्येक लेख निदान एकदां तरी अभिप्रायासह लेखकाकडे परत जावा. परत आलेला लेख दुसऱ्यांदा लिहितांना जो विचार करावा लागतो, तोच लेखकाचा पहिला धडा. हा धडा देणारें कोणी न भेटल्यास बाभुळगांवच्या मुलाचें नांव तेवढें एकदां छापून येईल. त्यानें जें पाहिलें तें मराठी साहित्यांत कधींच येणार नाहीं.