कहवाखाना : कादंबरीतला आणि सहलीतला

कॉफी ही इस्लामी तहजीबची जगाला मिळालेली देणगी आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून कॉफी पीत. तिथून ती मक्का, कैरो, दमास्कस करीत इस्तंबूलला पोहोचली. याच तहजीबने तिला विरोधही केला, हे सांगताना मात्र आपण अडखळतो. १५११ साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी आणली. १६३३ मध्ये सुलतान मुराद चौथा याने इस्तंबूलचे कहवाखाने बंद पाडले. कॉफी हलाल की हराम यावर किताबी चर्चा पुष्कळ झाली. पण सत्तेला खरा धसका होता तो चार माणसे एकत्र बसून काय बोलतात याचा.

आज काळ उलटला आहे. व्हिएन्नाच्या कॉफी हाऊसची संस्कृती २०११ साली ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेली. २०१३ मध्ये युनेस्कोने तुर्की कॉफीच्या परंपरेला जागतिक वारशाचा मान दिला. जुने कहवाखाने आता सहलींच्या नकाशावर असतात. कैरोच्या खान अल-खलीली बाजारातला अल-फिशावी त्यांपैकीच एक. पितळी तबके, जुने आरसे, पुदिन्याचा चहा, आणि 'इथे नजीब महफूज बसत' हे वाक्य. प्रश्न असा आहे, की या वारशात महफूजच्या साहित्यातला कहवाखाना कितीसा उरतो?

उत्तरासाठी 'जुकाक अल-मिदाक' ही १९४७ ची कादंबरी उघडावी. ही गल्ली काल्पनिक नाही. अल-अजहरजवळ ती आजही आहे आणि हौशी प्रवासी ती शोधत येतात. कादंबरीच्या आरंभीच किर्शाच्या कहवाखान्यात एक म्हातारा शायर रबाब घेऊन येतो. वर्षानुवर्षे तो तिथे दास्तान गात आला आहे. किर्शा त्याला वाटेला लावतो. गिऱ्हाइकांना आता शायर नको, रेडिओ हवा. तुझ्या कहाण्या सगळ्यांना पाठ आहेत, असे त्याला ऐकवले जाते. म्हातारा मुकाट निघून जातो.

या प्रसंगात महफूज गळा काढत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. शायराची बाजू आपल्याला कळते, आणि रेडिओला कान लावणाऱ्या गल्लीचीही. परंपरा मोडते ती बाहेरच्या शत्रूमुळेच असे नाही; तिच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाला ती पुरेनाशी होते. पुढची गंमत महफूजने लिहिलेली नाही, ती काळाने लिहिली. तो शायर जी कला पोटासाठी गात होता, तिच्याच घराण्यातले 'सीरा हिलालिया' हे महाकाव्य २००८ साली युनेस्कोच्या यादीत आले. उपाशी असताना ज्याला दार दाखवले, त्याचा मरणोत्तर सत्कार झाला.

ही गल्ली सहलीच्या चित्रात मावणारी नाही. किर्शा हशीशच्या आहारी गेलेला आहे. झैता पैसे घेऊन धडधाकट माणसांना भीक मागण्यासाठी अपंग बनवतो. बूशी कबरीतल्या मुर्द्यांचे दात चोरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत गल्लीतून सुटू पाहणारी हमीदा इंग्रज सैनिकांच्या बाजारात जाऊन पडते, आणि तिच्यावर जीव लावणारा अब्बास न्हावी मारला जातो. महफूजने गल्लीवर प्रेम केले, पण तिचे मीठ-मिरची लावून कौतुक केले नाही. वारसा-सहल नेमके हेच कौतुक विकते.

दुसरी कादंबरी १९७४ ची 'अल-कर्नक'. एकेकाळची नर्तकी कुरुंफुला हा कॅफे चालवते. तिथे येणारे तरुण विद्यार्थी अचानक दिसेनासे होतात. परततात तेव्हा त्यांची नजर बदललेली असते. नासिरच्या राजवटीतल्या तुरुंगांची ही कहाणी. छळ सोसून आलेल्या झैनबलाच खबरी बनवले जाते. त्यानंतर त्याच टेबलाभोवती बसलेल्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा? मुराद चौथ्याने कहवाखाना बंद केला होता. इथली सत्ता अधिक हुशार, ती कहवाखाना उघडा ठेवते आणि आत कान पेरते. कॅफेचा हा इतिहास कोणत्या माहितीपत्रकात छापणार?

खुद्द महफूजचे आयुष्यही याच वाटेने गेले. १९०८ पासूनच्या कॅफे रिशमध्ये साठच्या दशकात त्यांची शुक्रवारची बैठक भरे. 'अवलाद हारतिना' या कादंबरीच्या रागातून ऑक्टोबर १९९४ मध्ये एका तरुणाने त्यांच्या मानेवर सुरा चालवला. ते वाचले, पण लिहिता हात जायबंदी झाला आणि पुढे पहारा कायमचा मागे लागला. भिंतीवर त्यांची तसबीर लावताना ही जखमही सांगितली पाहिजे. तो हल्ला करणारा आपल्याच दीनचे नाव घेत होता, म्हणून तर आपण अधिक सांगितली पाहिजे.

इस्तंबूलमध्ये गोष्ट आणखी वेगळी. अय्यूबच्या कब्रस्तानाशेजारच्या टेकडीवरचा प्रसिद्ध कॅफे पिएर लोती या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. १८७९ च्या 'अझियादे' या कादंबरीत त्याने हरममधल्या स्त्रीवरचे प्रेम रंगवले. म्हणजे आपला कहवाखाना परक्याच्या स्वप्नातून पाहायचा, आणि त्याचे तिकीटही आपणच फाडायचे!

तरीही पर्यटनाला सरसकट झोडपणे मला पटत नाही. त्यावर कित्येकांची चूल पेटते. आणि जुना कहवाखाना पुरुषांचाच होता, हे विसरून हळहळणे खोटेपणाचे आहे. मिदाकची हमीदा खिडकीतून खाली पाहते. खालच्या बाकावर तिला जागा नाही. आज अल-फिशावीत बायका मोकळेपणी बसतात, यात पर्यटनाचाही हात आहे. जे गेले ते सगळेच रडण्याजोगे नव्हते.

मागणे एवढेच, की वारसा म्हणजे पितळी तबक असे आपण समजू नये. कहवाखान्याचा खरा वारसा होता तो निर्धास्त बोलण्याचा, भांडण्याचा, आणि उद्या पुन्हा त्याच बाकावर येऊन बसण्याचा. तो जपायला सहल पुरत नाही. त्यासाठी 'मिदाक' आणि 'कर्नक' पुन्हा वाचावे लागते. आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारावे लागते : आपल्या मोहल्ल्यातल्या चहाच्या बाकावर एखादा तरुण आपल्याला न पटणारे बोलू लागला, तर आपण त्याच्यापुढे कप सरकवतो, की त्याला दार दाखवतो?