'राजी' आणि समव्यवसायिकाचा अभिप्राय

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळीनें रचलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचें कौतुक करणारांत आम्हीही होतों. स्वतः दोन-चार लहान खेळ रचण्याची धडपड केली असल्यामुळें, मूठभर माणसांनीं एवढें काम तडीस नेणें म्हणजे काय, याची आम्हांस थोडीबहुत कल्पना आहे. २०१७ सालीं लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनीं काम टाकलें नाहीं. परंतु कौतुक निराळें आणि अभिप्राय निराळा. हा भेद आम्हांस परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीस, सुटींत आजोळीं आलेल्या भाच्यामुळें उमगला.

त्याच्या हातीं खेळ देऊन आम्ही मागें बसलों व तोंड न उघडण्याचा निश्चय केला. (तो पाळणें किती कठीण, हें ज्यानें खेळ रचला आहे त्यासच ठाऊक!) कसरती करणारी राजी, राक्षसांनीं पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधांत निघते, तिच्या वाटचालीविषयीं दुर्गा व विष्णु आपसांत बोलत असतात. पहाडी चित्रांच्या वळणाचे रंग, राजस्थानी वाड्यांची आठवण देणाऱ्या कमानी, छायाबाहुल्यांनीं सांगितलेली कथा, हें सारें पाहून पोरगा हरखून गेला. पुढें एका कठड्यावर उडी घ्यावयाची होती. देखावा दूरून, वरून दिसणारा. पलीकडचें अंतर त्यास उमजेना. राजी तीनदां खालीं पडली. चवथ्यांदा तो ओशाळून म्हणाला, "मामा, मलाच खेळतां येत नाहीं."

हें वाक्य आम्हांस फार लागलें. चूक त्याची नव्हती. अंतर नीट दिसत नव्हतें, इतकेंच. लढाईंतही त्रिशूळ उगारतांना कळ दाबणें व राजीचें वळणें यांत किंचित् विलंब आम्हांस जाणवला.

आतां हें कर्त्यास कसें सांगावें? 'खेळ जड आहे' असें म्हटल्यानें त्याच्या हातीं कांहींच लागत नाहीं. 'अमक्या परदेशी खेळासारखें करा' हें तर त्याहून वाईट. तें आपल्या मनांतला खेळ त्याच्याकडून करवून घेणें झालें. हात कोठें थबकला, कितव्यांदा, आणि त्या वेळीं खेळणारा काय करूं पाहत होता, एवढेंच सांगावें. उपाय कर्ता आपला शोधतो. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत लढाईवर पुन्हां हात फिरविलेला होता, आणि हिंदी संवादही आले.

शेवटाचें दुखणें मात्र निराळें. कथा ऐन रंगांत आली असतां तुटते. हा दोष मागाहून डागडुजीनें जाणारा नव्हे. आराखडा कागदावर असतांनाच तो दाखविला तर उपयोग. तेव्हां बोलणें जिवावर येतें, कारण दाखविण्यास अद्याप खेळच नसतो.

दुसऱ्या दिवशीं खेळ संपला. भाचा कांहीं वेळ पडद्याकडे पाहत राहिला व मग म्हणाला, "मामा, पुढचें कोठें आहे?"