यंत्राचा पूर्वपक्ष

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य हाती लागावे म्हणून प्रमाणांच्या आधारे होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छलही चालवून घेतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा पाडायचा, ती वितंडा. आपल्या शाळांतील वादविवाद स्पर्धा पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात मोडतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. विद्यार्थी शिक्षकांकडून भाषण लिहून घेतो, घोकतो आणि प्रतिपक्ष बोलू लागला की स्वतःची पुढची वाक्ये मनात घोळवत बसतो. चषक मिळतो, ऐकणे मात्र राहून जाते.

अशा विद्यार्थ्याला सरावासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रतिपक्षी लाभला आहे. त्याची योग्यता किती, हे तपासणे अगत्याचे वाटते.

यंत्राला वाद घालता येतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयबीएमच्या ‘प्रोजेक्ट डिबेटर’ या प्रणालीचा हरीश नटराजन या नामांकित वादपटूशी जाहीर सामना झाला. बालवाड्यांना अनुदान द्यावे की नाही, हा विषय. तयारीला १५ मिनिटे. यंत्राने अनुदानाची बाजू घेतली. ज्ञानात भर यंत्राने अधिक घातली, असा श्रोत्यांचा कौल पडला. पण अधिक मते वळवली ती नटराजन यांनी. यंत्राच्या म्हणण्यातील ग्राह्य भाग आधी मान्य करून मग त्यांनी आपला मुद्दा मांडला होता. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि प्रयोगशाळेतला हा प्रतिपक्षी मुलांच्या भ्रमणध्वनीत येऊन बसला.

आम्हा सीमाभागातील लोकांना कसोटीचा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला काय घडले, हे इथल्या मराठी मुलाला घरीच कळते. पण १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल कर्नाटक अखेरचा का मानते, असे विचारले की तो गप्प होतो किंवा चिडतो. मी दहावीच्या काही मुलांना हीच बाजू यंत्राकडून मांडून घ्यायला सांगितले. यंत्राने बिनतोड सवाल टाकला : आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहावरून नेमला गेला, त्याने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला देऊन बेळगाव शहर मात्र म्हैसूर राज्यात ठेवावे म्हटले, मग निवाडा मागणाऱ्यानेच तो नाकारावा काय? मुलांना घोषणा सोडून मुद्द्यावर यावे लागले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे त्यांनी प्रथमच नीट वाचली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात कशासाठी गेला, हेही त्यांना तेव्हा उमगले. चारचौघांत हसे होण्याची धास्ती नाही, प्रतिपक्षी थकत नाही, बाजू बदल म्हटले की बदलतो. हा लाभ लहान नव्हे.

आता उणे बाजू. पहिला दोष असा की हा प्रतिपक्षी लवकर नमतो. नवा मुद्दा न देता दोनदा ठासून सांगितले, तरी ‘आपले म्हणणे योग्य आहे’ म्हणून पुष्कळदा नंदीबैलासारखी मान डोलावतो. ही माझीच तक्रार आहे असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या प्रणालीतील एक सुधारणा ती फार खुशामत करते म्हणून मागे घेतली. दुसरा दोष अधिक घातक. यंत्र नसलेले दाखले बेलाशक देते. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी त्याच्या भरवशावर अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि ५००० डॉलर दंड ओढवून घेतला. तेव्हा यंत्राचा प्रत्येक आकडा, प्रत्येक सन ग्रंथालयात पडताळलाच पाहिजे.

तिसरी उणीव मात्र दुरुस्तीने जाणारी नाही. यंत्राचे काहीच पणाला लागलेले नसते. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभारण्यात एकत्र असलेले टिळक-आगरकर १८९१ च्या संमतिवयाच्या वादात समोरासमोर उभे होते. आपल्या मतांपायी आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. मताला अशी किंमत असते. यंत्राला ना गाव, ना भाषा, ना शेजारी. बेळगावात ज्याच्याशी वाद घालायचा तो शेजारच्या गल्लीतला कन्नड मुलगा असतो. त्यालाही आपल्या भाषेचा तेवढाच अभिमान. आपल्या एका शब्दाने त्याचा चेहरा उतरला, हे पाहून पुढचे वाक्य सावरणे आणि तरीही मुद्दा न सोडणे, हे शिक्षण यंत्रासमोर बसून मिळत नाही.

म्हणून माझे मत असे : यंत्र पूर्वपक्ष मांडायला उत्तम, प्रतिवादी म्हणून अपुरे. विद्यार्थ्याने आधी विरोधी बाजू स्वतःच्या शब्दांत लिहावी, ती यंत्राकडून तपासून घ्यावी, दाखले ग्रंथालयात पडताळावे आणि मग माणसासमोर उभे राहावे. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेबरोबर असा वाद ठरवण्याचा आमचा विचार आहे. पूर्वार्धात कन्नड मुलांनी महाराष्ट्राची बाजू मांडायची, मराठी मुलांनी कर्नाटकाची. आणि ‘आमचे म्हणणे यांनी बरोबर सांगितले’ असे समोरच्यांनी म्हटल्याखेरीज उत्तरार्ध सुरू करायचा नाही.