विनोदी स्पेस ऑपेरा : आकाशगंगा आणि कानटोपी

विनोदी स्पेस ऑपेरा हा विज्ञानकथेचा पोटप्रकार गंभीर स्पेस ऑपेराच्या टिंगलीतून जन्मला. ‘स्पेस ऑपेरा’ हे नावही टिंगलीचेच. अमेरिकन लेखक विल्सन टकर यांनी १९४१ साली आपल्या हौशी नियतकालिकात ते वापरले, तेव्हा त्यांचा रोख एकाच साच्यातून निघणाऱ्या अंतराळयान-कथांवर होता. या साच्याचे मोठे कारागीर ई. ई. स्मिथ. त्यांची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ १९२८ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकातून क्रमशः आली. पेशाने ते अन्नरसायनतज्ज्ञ होते आणि डोनटच्या तयार पिठावर त्यांनी काम केले होते; मात्र पाककृतीत लागणारे प्रमाण त्यांच्या कथांत शोधू नये. प्रत्येक भागात यान आधीपेक्षा मोठे, अस्त्र अधिक संहारक, शत्रू अधिक नीच. अशा कथेत नायकाला सर्दी होत नाही, यानाचा बोल्ट ढिला पडत नाही, साम्राज्याच्या कचेरीत फाइल अडकत नाही. विनोदकारांनी पुढे आपला मुक्काम टाकला तो याच गाळलेल्या जागांत.

या विनोदकारांपैकी हॅरी हॅरिसन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात होते, आणि लष्करी शिस्तीबद्दलची अढी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या सैनिकी कादंबरीला त्यांनी ‘बिल, द गॅलॅक्टिक हीरो’ (१९६५) लिहून उत्तर दिले. खेड्यातला एक भाबडा पोरगा फसवून सैन्यात भरती केला जातो, लढाईत त्याचा डावा हात जातो आणि त्या जागी मेलेल्या सोबत्याचा उजवा हात बसवला जातो. यातले यान प्रवास करत नाही. ते फुगत फुगत एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पसरते आणि तिथे पोचले की आकसते. पुढे ‘स्टार स्मॅशर्स ऑफ द गॅलॅक्सी रेंजर्स’ (१९७३) मध्ये हॅरिसन थेट स्मिथ यांच्या मागे लागले. तिथे प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासाचे रहस्य चेडर चीजमध्ये सापडते. कल्पना फर्मास, पण स्मिथ वाचलेले नसतील तर निम्मा मजकूर वाया जातो. ‘बिल’ला असा आधार लागत नाही, कारण त्याच्या हसण्याखाली खरा संताप आहे.

पोलंडमध्ये स्तानिस्लाव लेम यांची वाट वेगळी होती. सेन्सॉरच्या छायेत लिहिताना नोकरशाहीची थट्टा दूरच्या ग्रहांवर नेऊन ठेवणे सोयीचे होते, पण लेम यांचे मोठेपण त्या सोयीत नाही. इयॉन टिखी या एकांड्या अंतराळवीराच्या एका सफरीत यानाचे सुकाणू बिघडते. दुरुस्ती साधीच असते: एकाने बोल्ट धरायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा. टिखी एकटा. काळाच्या भोवऱ्यांतून जाताना कालचा आणि उद्याचा टिखी त्याला भेटतात, यान त्याच्याच प्रतींनी भरून जाते, आणि मदत सोडून सगळे एकमेकांशी भांडत बसतात. ‘सायबेरियाड’चे (१९६५) नायक ट्रुर्ल आणि क्लापाउत्सियुश हे तर पेशानेच यंत्रे घडवणारे, एकमेकांच्या कामात खोड काढणारे दोन कारागीर आहेत. विनोदी स्पेस ऑपेरात अवजार हातात धरलेली माणसे (आणि यंत्रमानव) इतक्या ठसठशीतपणे प्रथम लेम यांच्याकडेच दिसतात.

या प्रकाराला घराघरांत नेले ते डग्लस ॲडम्स यांनी. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर सुरू झाले. कादंबरी पुढच्या वर्षी आली. बाह्यवळण रस्त्यासाठी आर्थर डेंटचे घर पाडायला पालिकेचा बुलडोझर येतो, आणि त्याच दिवशी अंतराळातल्या तशाच बाह्यवळणासाठी पृथ्वी पाडायला व्होगॉन नावाचे परग्रहवासी येतात. दोन्ही नकाशे म्हणे कचेरीत रीतसर लावलेले होतेच! मोठ्याला लहानाच्या मापाने मोजण्याची ही रीत ॲडम्स शेवटपर्यंत सोडत नाहीत. स्लार्टीबार्टफास्ट हा ग्रह बांधणाऱ्यांपैकी एक म्हातारा कारागीर. त्याला अभिमान कशाचा, तर नॉर्वेच्या किनाऱ्याला घातलेल्या नागमोडी वळणांचा. त्या कामाला बक्षीसही मिळालेले आहे. विश्वातल्या प्रवाशाजवळ असायलाच हवी अशी वस्तू म्हणजे टॉवेल, आणि त्याच्या उपयोगांची यादी गावाहून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या पंच्याच्या तोडीची आहे.

ॲडम्स यांचे गुरू पी. जी. वुडहाउस होते, हे त्यांच्या वाक्यावाक्यात दिसते. वाक्य सरळ चालत जाते आणि शेवटच्या शब्दावर पाय घसरतो. हा घसरा अपघाती वाटावा यासाठी आधी बरीच घासपूस लागते. तिचा वेग प्रकाशकांना परवडणारा नव्हता. चौथे पुस्तक (१९८४) पुरे व्हावे म्हणून संपादक सनी मेहता यांना हॉटेलातल्या खोल्यांत लेखकासोबत मुक्काम ठोकावा लागला.

‘हिचहायकर्स’वरच्या १९८१ च्या दूरदर्शन मालिकेत ‘गाइड’ या कथेतल्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकाच्या पडद्यावर झळकणारी आकृत्यांची चित्रे त्या काळच्या संगणकाला झेपणारी नव्हती. रॉड लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पारदर्शक तावांवर हाताने तयार केली आणि मागून प्रकाश सोडून फ्रेमगणिक चित्रित केली. संगणकाची ही हुबेहूब नक्कल पूर्णपणे हातकाम होती. आजच्या सफाईदार ॲनिमेशनपेक्षा ती अजूनही जास्त हसवते.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘द डार्क साइड ऑफ द सन’ (१९७६) आणि ‘स्ट्राटा’ (१९८१) या कादंबऱ्या आता त्यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या कादंबरीमालेची पूर्वतयारी म्हणूनच वाचल्या जातात. १९८८ पासूनची ‘रेड ड्वार्फ’ ही दूरदर्शन मालिका आणि ‘गॅलॅक्सी क्वेस्ट’ (१९९९) हा चित्रपट यांनी प्रेक्षक टिकवला. लेखनात नवे वळण आले ते विडंबन मागे पडून स्वभावविनोद पुढे आला तेव्हा. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘अ सिव्हिल कॅम्पेन’ (१९९९) अंतराळसाम्राज्यात घडते, पण तिचा कळस म्हणजे एक पार बिघडलेली रात्रीची मेजवानी. जेन ऑस्टेनच्या जातीचा हा विनोद. लढाईपेक्षा सूपच्या वाटीवरून माणसे अधिक उघडी पडतात.

गेल्या पंधरा वर्षांत पीक भरघोस आहे, दाणा मात्र सारखा नाही. जॉन स्काल्झी यांच्या ‘रेडशर्ट्स’ला २०१३ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ‘स्टार ट्रेक’मध्ये लाल शर्टवाले दुय्यम खलाशी पटापट मरतात, हे त्या खलाशांच्याच लक्षात आले तर? कल्पना उत्तम, पण पात्रे एकाच आवाजात कोट्या करतात, आणि हा दोष नंतरच्या अनेक लेखकांना सांसर्गिक रोगासारखा लागला. मार्था वेल्स यांचा मर्डरबॉट हा यंत्रमानव (२०१७ पासून) त्यातून वाचतो, कारण त्याला कोट्या करायच्याच नसतात. त्याला एकटे बसून मालिका पाहायच्या असतात आणि माणसे सारखी जीव धोक्यात घालतात. बेकी चेंबर्स यांच्या पहिल्या कादंबरीतले यान अंतराळात बोगदे खणते, आणि त्यावरचे सगळे कामकरी लोक आहेत. इथला विनोद मंद आहे, काहींना फारच गोडही वाटेल. कॅथरीन व्हॅलेंटे यांची ‘स्पेस ऑपेरा’ (२०१८) उलट टोकाची: आकाशगंगेच्या गायनस्पर्धेत शेवटचा क्रमांक आला तर मानवजात नष्ट, अशी अट, आणि विशेषणांनी ओथंबलेली भाषा. ॲडम्स यांच्या वाक्यातली लांबी यात आली आहे, घसरा क्वचितच.

मराठी विज्ञानकथेत हा प्रकार जवळजवळ रुजला नाही. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. तेव्हापासून खरे विज्ञान सांगण्याची जबाबदारी मराठी विज्ञानकथेने मनावर घेतली. खोट्या विज्ञानाची ऐटबाज मजा त्यात बसत नव्हती. शिवाय ही कथा वाढली ती मुख्यतः दिवाळी अंकांच्या पानांत, आणि साम्राज्ये उभारून पाडायला तेवढी पाने पुरत नाहीत. चिंतामणराव जोशींच्या चिमणरावाला यानात बसवण्याइतकी विनोदाची पुंजी मराठीकडे होती, तरी त्याला कोणी बसवले नाही.

या साहित्याच्या बाजूने सुरुवातीपासून हस्तकलेचा एक ओढा वाहत आला आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले कपडे घालून आले; ते डग्लस यांनी शिवले होते. ‘डॉक्टर हू’मधला टॉम बेकर यांचा १९७४ चा प्रसिद्ध लांबलचक मफलर बेगोनिया पोप यांनी विणला. वेशभूषाकाराने निवडीसाठी दिलेली लोकर त्यांनी सगळीच्या सगळी वापरून टाकली! पुढे ॲडम्स याच मालिकेचे पटकथा-संपादक झाले, तेव्हाही तो मफलर नायकाच्या गळ्यातच होता. खुद्द लेखकांतले सर्वांत दणदणीत उदाहरण प्रॅचेट यांचे. २००९ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाल्यावर, सरदाराजवळ तलवार हवी म्हणून त्यांनी घराजवळच्या शेतातून लोहखनिज गोळा केले, मातीची भट्टी रचली, त्यात उल्कांचे तुकडेही टाकले आणि स्थानिक लोहाराच्या मदतीने तलवार घडवली.

वाचक-प्रेक्षकांचे हात नेमके काय उचलतात, ही समीक्षेची एक चांगली कसोटी आहे. ‘फायरफ्लाय’ (२००२) ही मालिका चौदा भागांत आटोपली. तिच्यात भाडोत्री गुंड जेनला त्याच्या आईने विणलेली भडक नारिंगी-पिवळी कानटोपी टपालाने येते आणि तो ती आनंदाने घालतो. ही टोपी चाहत्यांनी घरोघरी विणली, एकमेकांना दिली, विकलीही. २०१३ मध्ये अधिकृत परवान्याची टोपी बाजारात आली, आणि हाताने विणून विकणाऱ्यांना मालकी हक्काच्या नोटिसा गेल्या. ओरड झाल्यावर ती टोपी विकणाऱ्या एका दुकानाने आपला नफा चाहत्यांच्या धर्मादाय उपक्रमाला दिला. यानाची, युद्धाची, साम्राज्याची आठवण पुसट झाली तरी टोपीचे टाके अजून पडतात. ॲडम्स यांच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांनी, २५ मे २००१ रोजी पहिला टॉवेल दिन पाळला गेला, आणि तो अजून पाळला जातो.

ज्या पुस्तकांचा विनोद वस्तूत आणि कामात आहे, ती विणली, शिवली, भरली जातात. ज्यांचा विनोद फक्त वाक्यात आहे, ती कपावर आणि टी-शर्टवर छापली जातात. ‘रेडशर्ट्स’ला शर्टसुद्धा उसना घ्यावा लागतो. चेंबर्स यांच्या यानातले स्वयंपाकघर लगेच हाताळावेसे वाटते. आणि व्हॅलेंटे यांची भाषा कितीही ओथंबलेली असली, तरी त्यांच्या कादंबरीतल्या, उतरत्या काळातल्या ग्लॅम-रॉक गायकाच्या झगमगीत पोशाखांनी टिकल्या आणि जर लावणाऱ्यांना वर्षभराचे काम दिले आहे.