नक्कल कॅसेटींवरील व्हिडिओ गेम : एक पाठचिकित्सा (महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात)

१९९० च्या दशकातील बालसंस्कृतीचा विचार करताना दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या व्हिडिओ गेमकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. कंपनीच्या अमेरिकेतील यंत्रात अनधिकृत कॅसेट नाकारणारी चिप होती. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. त्यामुळे त्याची नक्कल करणे सोपे झाले. भारतीय घरांत प्रामुख्याने अशी नक्कल यंत्रे व विनापरवाना कॅसेटीच पोहोचल्या.

'९९९९९९९ इन १' असे छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच गेम असत. तोच गेम निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून यादी लांबविली जाई. व्यापाराच्या दृष्टीने ही उघड फसवणूक होय. तथापि ज्या गेममध्ये प्रगती जतन करण्याची सोय नव्हती, त्यांचे पुढील टप्पे सामान्य खेळाडूस या फसवणुकीमुळेच पाहावयास मिळाले. मात्र त्यात कथेचा क्रम मोडला आणि अनेक कॅसेटींतून मूळ निर्मात्याचे नावही पुसले गेले. १९९४ च्या 'सोमारी'त तर निन्टेन्डोचा मारिओ सेगा कंपनीच्या 'सॉनिक'मध्ये बसविला गेला. येथे नक्कल केवळ प्रत राहत नाही. तो स्वतंत्र पाठ ठरतो.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील 'साहित्यकृती'च्या व्याख्येत संगणक प्रणालीचाही समावेश आहे. अशा कॅसेटींची विनापरवाना निर्मिती व विक्री त्यामुळे बेकायदेशीर ठरते, आणि रसग्रहणाने हा दोष धुऊन निघत नाही. परंतु कायदा जिला साहित्यकृती मानतो, तिच्या पाठभेदांकडे साहित्याभ्यासाने पाठ फिरविणे सयुक्तिक नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती अनेक प्रतींमध्ये पाठ बिघडलेला असल्यामुळेच. दोहोंच्या मूल्यात तुलना नाही. पद्धती मात्र उपयोगी आहे.

महाड व पोलादपूर तालुक्यांत या अभ्यासाला निकड आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत व घरांत शिरले. अशा आपत्तीत दस्तऐवज वाचविण्याची धडपड होते. माळ्यावरच्या जुन्या कॅसेटीसाठी कोणी थांबत नाही. म्हणून दोन्ही तालुक्यांतील घरोघरी शिल्लक असलेल्या कॅसेटींचे वेष्टन, यादी व पाठभेद यांची नोंद महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकरवी करून घेणे अगत्याचे आहे.

सारांश, नक्कल कॅसेट ही चोरी आहे आणि पुरावाही आहे. पहिली बाब दुसरीस नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.