बाराच्या पुढचा वग

हट्ट्यात नाइटक्लब नाही. परभणी-वसमत रस्त्यावरचं हे गाव रात्री लवकर निजतं, आणि उशिरा जागं दिसलं तर बहुधा कुणाच्या घरची हळद तरी असते नाहीतर हळद शिजवायची घाई तरी. पण तिकीट काढून आत जायचं, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं, वाद्यांच्या इतकं जवळ की छातीत ढोलकी वाजावी, आणि उजाडेपर्यंत घर विसरायचं, ही रीत आमच्या भागाला नवी नाही. शहरात तिला क्लब म्हणतात. आमच्याकडे ती तमाशा या नावाने आली, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कनाती ठोकून राहिली, आणि आता तिथेच हळूहळू आखडत चालली आहे.

तमाशाच्या ऱ्हासावर लिहिताना आपले समीक्षक बहुतेक वेळा टीव्ही, मोबाइल आणि 'बदललेली अभिरुची' यांच्यावर खापर फोडतात. मला त्यात घड्याळाची भर घालायची आहे. तमाशाची बांधणी रात्रीच्या मापाने झालेली आहे. आधी गण, मग गवळण, बतावणी, मग रंगबाजी, आणि हे सगळं ओसरलं की वग. वग उभा राहतो तोवर मध्यरात्र उलटलेली असते. हौशे-गवशे पांगलेले असतात आणि कथा ऐकायला बसलेला खरा प्रेक्षक उरतो. सोंगाड्याची खरी कसोटी इथे लागते, कारण झोपेने जड झालेल्या डोळ्यांना हसवायचं असतं.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद केले. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते. नियम वाईट नाही. डीजेच्या भिंतींनी ज्यांची छाती हादरली आहे ते त्याला दुवा देतील, मीही देतो. पण त्यात एक फट आहे. बंदिस्त जागेला ही बंदी नाही. म्हणजे भिंत असेल तर रात्र तुमची, कनात असेल तर दहाला आवरा. मुंबईतला वातानुकूलित क्लब भिंतीआड दीडपर्यंत वाजवतो, आणि फडाला मात्र वग कुठे कापावा याचा हिशेब करावा लागतो. रंगबाजी कापली तर तिकीट खपत नाही. मग वगच कापला जातो.

सगळा दोष नियमाचा नाही, हेही कबूल केलं पाहिजे. रंगबाजी नियमाच्या आधीपासूनच फुगत होती. चित्रपटातल्या गाण्यांवरचे नाच वाढले तसा वग शेपटासारखा मागे लोंबू लागला. फडमालकांनी शिट्ट्यांकडे कान दिला, लिहिणाऱ्यांकडे दिला नाही. नवा वग लिहून घेण्याची परंपराच मोडत गेली.

रात्र कुणाला द्यायची हा प्रश्न सरकारला जुनाच आहे. 1948 च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. हट्टा तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे तो हुकूम इथे लागू नव्हता. निजामाच्या राजवटीबद्दल आमच्याकडे चांगलं बोलायची पद्धत नाही, म्हणून ही गंमत कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला आणि क्लबांचाही धंदा आटला.

त्या क्लबांतलं संगीत आमच्यापर्यंत आलं ते तंबूतल्या सिनेमातून, आणि आणलं मराठी माणसांनीच. पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, 'अलबेला'साठी (1951) चिक चॉकलेट यांना सोबत घेतलं. हे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताज हॉटेलात ट्रम्पेट वाजवणारे. त्यावर नाचले भगवान पालव, गिरणी कामगाराचे चिरंजीव. भगवानदादांची ती सैल, गुडघ्यात हलणारी चाल आजही आमच्या वरातीत दिसते. नाचणाऱ्याला ठाऊक नसतं की आपण कुलाब्याच्या डान्स फ्लोअरवरून परभणीमार्गे आलेलं काहीतरी नाचतो आहोत. नाइटक्लबचं मराठी संस्कृतीतलं स्थान कुणी विचारलं, तर मी त्याला वरातीत नेऊन उभा करेन.

मुंबईच्या गिरणगावात तमाशा आणि क्लब हे दोन्ही प्रवाह एकाच जमिनीवर दिसतात. लालबाग-परळच्या कामगारांसाठी हनुमान थिएटर होतं. तिथे बाहेरगावचे फड आणि लावणीच्या पार्ट्या येत, आणि पाळी संपवून आलेला कामगार बाकावर बसे. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, प्रेक्षक गेला, थिएटरही गेलं. त्याच परिसरात गिरण्यांच्या आवारांत नंतर पब आले. 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, कमला मिल्सच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसं गेली, तेव्हा बातम्यांत मिलचं नाव होतं, पण गिरणीची आठवण कुणाला झाली नसावी.

रात्र वाटून देण्यातला सर्वांत उघडा भेदभाव डान्स बारच्या कायद्याने केला. 2005 मध्ये राज्याने मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली. 33 अ ने बारमधला नाच बंद केला आणि 33 ब ने तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं, क्लब, जिमखाने यांना मोकळं सोडलं. नाच तोच, गाणंही तेच. पण तारे मोजून अश्लीलता ठरली. ग्रामीण तरुण बिघडतो, जमिनी विकतो, अशी गृहमंत्री आर. आर. पाटील यांची कळकळ होती, आणि ती खोटी नव्हती. पण उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हा भेद टिकू दिला नाही. 2016 चा नवा कायदाही 2019 च्या निकालात बराच छाटला गेला: सहा ते साडेअकरा ही वेळ राहिली, पैसे उधळण्यावरची बंदी राहिली, बक्षीस देण्याला मात्र मुभा मिळाली. उधळणं आणि देणं यातला फरक दौलतजादा पाहिलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

संगीतबारीची अवस्था यात सर्वांत नाजूक आहे. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या कला केंद्रांत एकेक पार्टी आळीपाळीने मंचावर येते, आणि मग फर्माईश करणाऱ्यांसाठी आत बैठक होते. फर्माईश आता बहुधा हिंदी गाण्याची. बसून, एकाच ओळीवर निरनिराळी अदा करायची बैठकीची लावणी येणाऱ्या बाया थोड्या, ती समजणारे त्याहून थोडे. वाईच्या लावणी कलावंत यमुनाबाईंना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. सन्मान द्यायला आपण घाई करत नाही. भूषण कोरगावकरांच्या 'संगीत बारी'ने (2014) हे जग सुशिक्षित वाचकाच्या दिवाणखान्यात आणलं, आणि शैलजा पाईक यांनी 2022 च्या इंग्रजी ग्रंथात अश्लीलतेचा शिक्का जातीच्या हाताने कसा उमटतो हे मांडलं. याच दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत आजची लावणी उभी आहे: कौतुकही तिचंच, कलंकही तिचाच.

गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवर जो गदारोळ उठला त्यातही मला कलेची चर्चा फारशी ऐकू आली नाही. त्यांचा नाच लावणी म्हणून तोलला तर हलका भरतो; ढोलकीशी झुंज नाही, अभिनयाला उसंत नाही. पण गावच्या मैदानात उभा केलेला क्लब म्हणून तो पाहावा. रेकॉर्डवरचं गाणं, रंगीत दिवे, मोबाइल उंचावलेली पोरं. फरक इतकाच की इथे एकटी बाई नाचते आणि हजारो पुरुष बघतात. क्लबात निदान सगळे नाचतात. बाईने बघ्यांत येऊन मोकळेपणी बसावं अशी रात्र तमाशानेही क्वचितच दिली, आणि हा जुन्या कलेचाच दोष आहे.

जर्मनीत 2016 मध्ये न्यायालयाने बर्लिनच्या बर्गहाइन क्लबमधल्या टेक्नोच्या रात्रींना संगीताच्या मैफलीच्या सवलतीचा कर लावला, 2021 मध्ये तिथल्या संसदेने क्लबांना सांस्कृतिक संस्था मानण्याचा ठराव केला, आणि 2024 मध्ये बर्लिनचा टेक्नो त्यांच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. आपल्याकडे तमाशाचा हंगाम अजून सुपारीवरच ठरतो: नारायणगावला गुढीपाडव्याला फडांच्या राहुट्यांत गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. राहुट्या ओस पडल्या, पुढचा हंगामही बुडाला, आणि काही कलावंत त्यानंतर बोर्डावर परत आलेच नाहीत.

आमच्या शेजारच्या गावच्या जत्रेत अलीकडे एक फड आला होता. दहा वाजत आले तसं ठेकेदाराने पडद्याआडून हात केला. राजाने प्रधानाला कैद करा म्हटलं आणि लगेच सगळे कलावंत ओळीने उभे राहून आभार मानू लागले. परतताना माझ्या पुढच्या मोटारसायकलवर एक नातू आजोबांना विचारत होता, मग प्रधानाचं काय झालं? म्हाताऱ्याने फाट्यापर्यंत पोचायच्या आत दोन वाक्यांत सांगून टाकलं. वगात तो भाग तासभर चालतो.